हार्ट फेल्युअर सांभाळताना: ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणण्याआधी

टेबलावर फाइल उघडी आहे. चौदा महिन्यांपूर्वी बिसोप्रोलॉल (हार्ट फेल्युअरमधलं एक बीटा ब्लॉकर औषध) १.२५ मिग्रॅ चालू केलं होतं, आजही १.२५ च आहे. मधल्या सहा नोंदींमध्ये एकच ओळ आहे: ‘तब्येत स्थिर, औषधं तीच.’ पेशंट मात्र जिना चढताना मधल्या टप्प्यावर कठडा धरून उभा राहतो, आणि आपल्याला वाटतं वयामुळे होत असेल. ही फाइल माझ्याच अक्षरातली होती. ती वाचली त्या दिवसापासून मी हार्ट फेल्युअरच्या पेशंटकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. या आजारात कोणती औषधं द्यायची हे बहुतेकांना माहीत असतं. हुकतो तो वेळ. डोस वाढवायचा राहून जातो, पोटॅशियम तपासायचं राहून जातं, घरी सोडल्यानंतरची भेट महिन्यावर ढकलली जाते.

हा लेख ओपीडी आणि वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. पेशंट किंवा घरचं कोणी वाचत असेल तर अवश्य वाचावं, पण यातले डोस बघून स्वतःची गोळी कमी-जास्त करू नये.

१. निदान पक्कं करा

दम, थकवा आणि पायांवरची सूज कित्येक आजारांत असते, म्हणून प्रश्न नेमके विचारावे लागतात. रात्री किती उशा लागतात? झोपेतून दम लागून उठून बसावं लागतं का? खाली वाकून बुटाची नाडी बांधताना धाप लागते का? हा तिसरा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागत असेल तर हृदयाच्या कप्प्यांमधला दाब वाढला असण्याची शक्यता बरीच असते. शिवाय मी हमखास विचारतो, ‘सहा महिन्यांपूर्वी सहज करत होतात, त्यातलं आता काय सोडून दिलंय?’ माणूस नकळत हालचाल कमी करत जातो आणि मग खरेपणानं सांगतो की दम लागत नाही.

ईसीजी पूर्ण नॉर्मल असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच कमी होते. त्यानंतर एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) करा. ओपीडीतल्या पेशंटमध्ये ते १२५ पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल (बीएनपी असेल तर ३५ च्या खाली), तर दम लागण्याचं दुसरं कारण शोधा. अचानक दम लागून आलेल्या पेशंटमध्ये हीच सीमा एनटी-प्रोबीएनपीसाठी ३०० आणि बीएनपीसाठी १०० धरतात. आकडा वाचताना दोन गोष्टी विसरू नका. लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो. वय, किडनीचा आजार आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचा अनियमित ताल) यांत तो वाढलेला असतो. पेशंट सॅक्युबिट्रिलवर असेल तर बीएनपी औषधामुळेच वाढतं, तेव्हा एनटी-प्रोबीएनपीवर भरवसा ठेवा.

इकोशिवाय पुढे जाता येत नाही. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) ४० टक्के किंवा कमी असेल तर पंपाची ताकद कमी, ४१ ते ४९ मधला गट, आणि ५० किंवा जास्त असेल तर पंप ठीक पण हृदय ताठर. पुढचं बरंचसं याच आकड्यावर ठरतं. पण नुसता आकडा वाचून रिपोर्ट बाजूला ठेवू नका. झडपा, उजवी बाजू, डाव्या एट्रियमचा आकार, भिंतींची जाडी आणि एखादाच भाग कमी हलतोय का, हे सगळं बघा, कारण मूळ कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

२. कारण शोधा

हार्ट फेल्युअर हे निदान अर्धंच आहे. ‘कशामुळे’ हे लिहिल्याशिवाय कागद पूर्ण होत नाही. रक्तवाहिन्यांमधले अडथळे, वर्षानुवर्षं चढलेलं बीपी आणि झडपांचे आजार ही नेहमीची कारणं. त्यापलीकडे दारू, थायरॉइड, कर्करोगाची काही औषधं (ॲन्थ्रासायक्लिन गट, ट्रॅस्टुझुमॅब), बाळंतपणाच्या आगेमागे होणारी कार्डिओमायोपॅथी आणि घराण्यात चालत आलेला आजार. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, हे विचारा. हा प्रश्न दोन मिनिटांत होतो आणि कधीकधी बाकीच्या भावंडांचाही जीव वाचवतो.

एक कारण दुरुस्त होण्यासारखं असूनही निसटतं. महिनोन्महिने १२०-१३० च्या वेगानं चाललेली नाडी स्वतःच हृदय कमजोर करते. वेग आवरला की इजेक्शन फ्रॅक्शन वर येताना दिसतं.

दुसरी निसटणारी गोष्ट अमायलॉइड, म्हणजे हृदयाच्या भिंतीत साठणारं विकृत प्रथिन. इकोत भिंती जाड पण ईसीजीत व्होल्टेज कमी, दोन्ही मनगटांच्या कार्पल टनेलचं ऑपरेशन आधी झालेलं, बीपीची गोळी आता सोसवत नाही, असा वयस्क माणूस समोर आला की थांबा आणि त्या दिशेनं तपासणी करा.

३. मानेची शीर बघा

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे काहीही खर्च होत नाही आणि हीच सर्वांत जास्त टाळली जाते.

पेशंटला ४५ अंशांवर टेकवून बसवा. मान किंचित डावीकडे वळवायला सांगा, उशी खांद्यांखाली नको, फक्त डोक्याखाली. उजेड बाजूनं पडू द्या. समोरून पडलेल्या उजेडात शिरेची सावलीच दिसत नाही. आता घाई न करता बघत राहा. कॅरोटिड धमनी बोटाला ठोका देते, आतली जुग्युलर शीर मात्र ठोका न देता दोनदा हलकेच उचलते आणि श्वास आत घेताना खाली जाते. काहीच दिसत नसेल तर दोन शक्यता असतात: शीर खरोखर रिकामी आहे, किंवा दाब इतका चढलाय की वरची पातळी जबड्याच्या मागे लपली आहे. अशा वेळी पेशंटला सरळ बसवा. बसल्यावर कानाच्या पाळीखाली लहर दिसली तर पाणी भरपूर साठलं आहे. शंका असेल तर पोटावर तळहात ठेवून दहा ते पंधरा सेकंद स्थिर दाबा. शीर वर चढून तिथेच टिकली तर उत्तर मिळालं.

पायांवरची सूज एवढी विश्वासाची नाही. ॲम्लोडिपिननंही ती येते. उलट तरुण पेशंटच्या फुप्फुसात पाणी भरलेलं असतं आणि पाय कोरडे असतात. जुन्या पेशंटमध्ये तर छाती ऐकून क्रेपिटेशन (फुप्फुसातले चरचर आवाज) मिळाले नाहीत, म्हणून दाब वाढलेला नाही असं म्हणता येत नाही.

तपासून झालं की स्वतःला दोन प्रश्न विचारा. पाणी साठलंय की नाही, म्हणजे ओला की कोरडा? रक्तपुरवठा पुरतोय की नाही, म्हणजे हातपाय उबदार की गार? बहुतेक पेशंट ओले आणि उबदार असतात, त्यांना लघवी वाढवणारं औषध हवं. ओला आणि गार पेशंट धोक्याचा. गार हातपाय, पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक) अगदी कमी, लघवी घटलेली, माणूस गुंगीत. त्याला अतिदक्षता विभागात हलवा, बीपी १०० दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका.

४. साठलेलं पाणी काढा, आणि पुरेसं काढा

दाखल झालेल्या पेशंटला लूप डाययुरेटिक (फ्युरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध) शिरेतून द्या. आतड्यांना सूज असते, त्यामुळे तोंडावाटे दिलेलं फ्युरोसेमाइड नीट शोषलं जात नाही. आधी कधी घेतलं नसेल तर २० ते ४० मिग्रॅ. घरी चालू असेल तर दिवसभराच्या तोंडी डोसाच्या १ ते २.५ पट शिरेतून. २०११ च्या डोस नावाच्या चाचणीत कमी डोस आणि अडीचपट डोस यांची तुलना झाली. जास्त डोसानं किडनीचं कायमचं नुकसान झालेलं दिसलं नाही. त्यामुळे हात आखडता घेऊ नका.

त्यानंतर बघायचं ते तिथेच, दुसऱ्या दिवशीच्या राऊंडला नाही. दोन तासांनी लघवीतलं सोडियम पाठवा. ते ५० ते ७० च्या खाली असेल, किंवा पहिल्या सहा तासांत तासाला १०० ते १५० मिलीपेक्षा कमी लघवी होत असेल, तर डोस पुरला नाही. दुप्पट करा. तरीही भागलं नाही तर थायझाइड गटातलं औषध किंवा ॲसिटाझोलामाइड जोडा. २०२२ च्या ॲडव्हॉर चाचणीत रोज ५०० मिग्रॅ ॲसिटाझोलामाइड शिरेतून जोडल्यावर तीन दिवसांत पाणी पुरतं उतरलेले पेशंट ४२.२ टक्के होते, न जोडलेल्यांत ३०.५. थायझाइड जोडलंत तर सोडियम आणि पोटॅशियमवर रोज लक्ष ठेवा, ती फार झपाट्यानं घसरतात.

पाणी उतरताना क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढतं आणि तिथेच अनेक जण इंजेक्शन थांबवतात. पेशंटला बरं वाटतंय, वजन उतरतंय आणि मानेची शीर खाली येतेय, तर ही वाढ स्वीकारा. अर्धवट ओला घरी गेलेला पेशंट परत येतो, बहुतेकदा महिन्याभरातच.

ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच द्या. बीपी चढलेलं असेल तर नायट्रेट, आणि श्वासाचे कष्ट जास्त असतील तर मास्कचं व्हेंटिलेशन लवकर लावा. या धावपळीत ‘आत्ताच का बिघडलं?’ हा प्रश्न राहून जातो. हार्ट अटॅक, ताल बिघडणं, चढलेलं बीपी, संसर्ग, फुप्फुसात गेलेली गुठळी, बंद केलेली गोळी आणि दुखण्यासाठी दुकानातून आणलेली गोळी, एकेक तपासून बघा.

५. चार खांब, आणि ते लवकर उभे करणं

इजेक्शन फ्रॅक्शन ४० किंवा कमी असेल तर चार गटांची औषधं हवीत. त्यांच्यामागे जवळपास चार दशकांचं काम आहे. १९८७ साली कन्सेन्सस चाचणीनं अत्यवस्थ पेशंटमध्ये एनालाप्रिलनं मृत्यू कमी होतात हे दाखवलं. १९९९ हे वर्ष तर विलक्षण ठरलं. बिसोप्रोलॉलची सिबिस-२, मेटोप्रोलॉलची मेरिट-एचएफ आणि स्पायरोनोलॅक्टोनची रेल्स, तिन्ही त्याच वर्षी आल्या. त्याआधी हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर देणं धोक्याचं मानलं जात होतं. २०१४ मध्ये पॅराडाइम-एचएफ आली: सॅक्युबिट्रिल-वॉलसार्टननं एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं २० टक्क्यांनी घटलं. २०१९ ची डापा-एचएफ आणि २०२० ची एम्परर-रिड्यूस्ड यांनी मधुमेहाची मानली जाणारी औषधं (एसजीएलटी-२ गट) इथे आणली. डापा-एचएफमधल्या निम्म्याहून अधिक पेशंटना मधुमेह नव्हता, तरी फायदा तितकाच झाला.

पूर्वीची पद्धत अशी होती की एक औषध सुरू करायचं, पूर्ण डोसाला न्यायचं, मगच दुसरं. यात सहा-आठ महिने जातात आणि चौथ्या औषधापर्यंत पेशंट पोचतच नाही. माझा आग्रह असा आहे की चारही औषधं लहान डोसात काही आठवड्यांत चालू व्हावीत, डोस वाढवणं मग समांतर चालू द्यावं. एकाचा पूर्ण डोस गाठण्यापेक्षा चारही थोडी-थोडी पोटात असणं जास्त मोलाचं आहे.

एसजीएलटी-२ औषध सर्वांत सोपं. डापाग्लिफ्लोझिन १० किंवा एम्पाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ, दिवसातून एकदा, डोस वाढवायची भानगड नाही, बीपी फारसं उतरत नाही. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) डापासाठी २५ आणि एम्पासाठी २० पर्यंत सुरू करता येतं. पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर जरा खाली येतो, तेवढ्यासाठी बंद करू नका. जननेंद्रियांच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते, हे पहिल्याच दिवशी संकोच न करता सांगा. न सांगितल्यास पेशंट गोळी गुपचूप सोडतो. जुलाब-उलट्या होऊन जेवण बंद असेल तेवढे दिवस थांबवायची, आणि ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी. टाइप १ मधुमेहात देऊ नये.

बीटा ब्लॉकर तीनच: बिसोप्रोलॉल १.२५ पासून १० मिग्रॅ पर्यंत, कार्व्हेडिलॉल ३.१२५ दिवसातून दोनदा ते २५ दोनदा (८५ किलोवरच्या माणसाला ५० दोनदा), मेटोप्रोलॉल सक्सिनेट १२.५ ते २५ पासून २०० मिग्रॅ पर्यंत. ॲटिनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल टारट्रेट यांची बदली नाहीत. पेशंट कोरडा झाल्यावर सुरू करा, दर दोन आठवड्यांनी दुप्पट करा. आधीपासून चालू असलेला डोस पेशंट बिघडून दाखल झाला म्हणून एकदम बंद करू नका. शॉक किंवा नाडी फारच मंद नसेल तर चालू ठेवा, फार तर अर्धा करा. सीओपीडी असला तरी बिसोप्रोलॉल बहुतेकांना चालतं.

सॅक्युबिट्रिल-वॉलसार्टन २४/२६ मिग्रॅ दोनदा, मग ४९/५१, मग ९७/१०३ (काही पाकिटांवर याच गोळ्या ५०, १०० आणि २०० अशा छापलेल्या असतात). एसीई इन्हिबिटर (एनालाप्रिल, रामिप्रिल) चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर ३६ तास थांबा. ही अट पाळायलाच हवी, नाहीतर ओठ, जीभ, घसा सुजून जीवावर बेतू शकतं. अँजिओएडिमा (अशी सूज) पूर्वी होऊन गेला असेल तर हे औषध नाहीच. मिळत किंवा परवडत नसेल तर एनालाप्रिल २.५ दोनदा ते १० किंवा २० दोनदा, किंवा रामिप्रिल. कोरडा खोकला आला तर एआरबी (वॉलसार्टनसारखं औषध).

स्पायरोनोलॅक्टोन १२.५ किंवा २५ मिग्रॅ, पुढे ५०. रेल्समध्ये सरासरी डोस २६ मिग्रॅ होता आणि मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. पुरुषांमध्ये छाती दुखून वाढली तर एप्लेरेनोनवर बदला. आता या औषधाची दुसरी बाजू. रेल्सनंतर कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये स्पायरोनोलॅक्टोनचा वापर एकदम वाढला, पण पोटॅशियम तपासण्याची शिस्त त्या वेगानं वाढली नाही. पोटॅशियम चढून दाखल होणाऱ्यांचं प्रमाण चौपटीहून अधिक झालं, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून प्रिस्क्रिप्शन लिहिताना तपासणीची तारीखही त्याच कागदावर लिहा: एक आठवड्यानं, चार आठवड्यांनी, मग दर तीन-चार महिन्यांनी. पोटॅशियम ५.० च्या वर असेल किंवा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर सुरू करताना दोनदा विचार करा. ५.५ च्या वर गेलं तर अर्धं, ६.० च्या वर गेलं तर बंद.

६. डोस वाढवताना आडवे येणारे चार अडथळे

बीपी कमी. वरचं बीपी ९५, पण पेशंटला चक्कर नाही, चालतो-फिरतो, तर काहीही कमी करू नका. आकड्यावर उपचार करायचे नाहीत. चक्कर येत असेल तर आधी अनावश्यक औषधं काढा: ॲम्लोडिपिन, प्रोस्टेटसाठीचा अल्फा ब्लॉकर, गरज नसलेलं नायट्रेट. मग पेशंट कोरडा आहे ना ते बघून डाययुरेटिक कमी करा. मग गोळ्यांच्या वेळा विभागून द्या, एक सकाळी, एक रात्री. चार खांबांना हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

क्रिएटिनिन. एसीई इन्हिबिटर किंवा तत्सम औषध सुरू केल्यावर मूळ आकड्याच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढ चालते, ३ मिग्रॅच्या आत असेल तर. त्याहून जास्त झाली तर डोस अर्धा करून आठवड्याभरात पुन्हा तपासा.

पोटॅशियम. ५.५ पर्यंत हातपाय गाळायचं कारण नाही. मिठाच्या पर्यायी पुड्या चालू आहेत का विचारा, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. पोटॅशियम बांधणारी नवी औषधंही आहेत, त्यांच्या आधारानं डोस टिकवता येतो.

नाडी. ५० च्या खाली आणि त्रास होत असेल तर बीटा ब्लॉकर अर्धा, पण त्याआधी डिजॉक्सिन किंवा ॲमिओडेरोन सोबत चालू आहे का ते बघा.

यापेक्षा मोठा अडथळा गोळ्यांच्या पिशवीत असतो. एका आजींना सांगितलं, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. आमची चार औषधं होतीच, शिवाय गुडघेदुखीसाठी दुसऱ्या ठिकाणाहून लिहिलेलं डायक्लोफिनॅक आणि पाण्यात फसफसणारी वेदनाशामक गोळी, जिच्या एका-एका गोळीत भरपूर सोडियम असतं. तीन महिने आम्ही फ्युरोसेमाइड वाढवत होतो. डायक्लोफिनॅक थांबलं आणि दोन आठवड्यांत सूज उतरली. तेव्हापासून पिशवी उपडी केल्याशिवाय मी डाययुरेटिक वाढवत नाही. टाळायची औषधं पाठ असू द्या: वेदनाशामकांचा डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेन गट, पायोग्लिटाझोन, सॅक्साग्लिप्टिन, सिलोस्टॅझॉल आणि पंपाची ताकद कमी असताना डिल्टियाझेम व व्हेरापामिल.

७. चार खांबांपलीकडे

लोहाची कमतरता शोधा, हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली, असेल तर लोह शिरेतून द्या. तोंडावाटे दिलेल्या लोहानं इथे उपयोग होत नाही, २०१७ च्या आयर्नआउट चाचणीत चालण्या-फिरण्याची क्षमता वाढलेली दिसली नाही.

सायनस ऱ्हिदम (हृदयाचा नेहमीचा ताल) असून बीटा ब्लॉकरचा सोसेल तेवढा डोस देऊनही नाडी ७० किंवा जास्त असेल आणि इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा कमी असेल तर इव्हाब्रॅडिन. डिजॉक्सिननं आयुष्य वाढत नाही, पण दाखल होणं कमी होतं (१९९७ ची डिग चाचणी). द्यायचंच तर रक्तातली पातळी ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवा. किडनीमुळे एसीई, एआरबी, सॅक्युबिट्रिल काहीच देता येत नसेल तर हायड्रॅलझिन आणि नायट्रेट.

उपकरणांचा विचार तीन महिने नीट औषधं दिल्यावर इको पुन्हा करून करा. तेव्हाही इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा कमी असेल तर आयसीडी (जीवघेणा ताल झटका देऊन थांबवणारं उपकरण), आणि लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या बाजूचा विद्युत संदेश अडलेला) असून ईसीजीतली क्यूआरएसची रुंदी १५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजू एका वेळी आकुंचन पाववणारा पेसमेकर). हार्ट अटॅक येऊन ४० दिवस झाल्याशिवाय आयसीडीचा निर्णय नको.

८. इजेक्शन फ्रॅक्शन चांगलं असलेला पेशंट

‘इको नॉर्मल आहे, हृदयाचं काही नाही’ असं सांगून हे पेशंट परत पाठवले जातात आणि वर्षभरानं सुजून येतात. वय ६० च्या वर, लठ्ठपणा, बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या, एट्रियल फिब्रिलेशन, इकोत फुप्फुसाच्या धमनीतला दाब ३५ च्या वर, ई आणि ई-प्राइमचं गुणोत्तर (हृदय भरतानाचा दाब सुचवणारा इकोतला आकडा) ९ च्या वर, यातल्या जेवढ्या गोष्टी जुळतील तेवढी शंका बळकट. सर्वांत जास्त वजन एट्रियल फिब्रिलेशनला, मग लठ्ठपणाला.

इथे एसजीएलटी-२ औषध पहिलं, २०२१ ची एम्परर-प्रिझर्व्ह्ड आणि २०२२ ची डिलिव्हर यांनी ते पक्कं केलं. पाणी असेल तेवढं डाययुरेटिक. २०२४ च्या फाइनआर्ट्स चाचणीनंतर फिनेरेनोनही आलं. बीएमआय ३० च्या वर असेल तर सेमाग्लुटाइडनं वजनासोबत लक्षणंही कमी होतात आणि पेशंट जास्त चालू शकतो. बीटा ब्लॉकर मात्र सवयीनं लिहू नका. ताठर हृदयाला श्रमाच्या वेळी वाढत्या नाडीचाच आधार असतो.

९. घरी सोडण्याचा दिवस आणि पुढचे दोन आठवडे

हा सगळ्यात नाजूक काळ. २०२२ मध्ये आलेल्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत दाखल पेशंटना घरी सोडण्याआधी औषधांचा अर्धा डोस आणि दोन आठवड्यांत पूर्ण डोस गाठायचा, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात तपासायचं, अशी पद्धत नेहमीच्या पद्धतीशी ताडून बघितली. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं १५.२ टक्के विरुद्ध २३.३ टक्के. फरक इतका होता की चाचणी वेळेआधी थांबवली गेली. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘एक महिन्याने दाखवा’ लिहू नका. सात दिवसांनंतरची तारीख आणि वेळ लिहा, त्या दिवशी बीपी, नाडी, मानेची शीर, वजन, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघा आणि काही आडवं येत नसेल तर त्याच दिवशी डोस वाढवा. घरी जातानाचं कोरडं वजन कार्डावर ठळक लिहा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशी व्हायची आहे.

घरी काय करायचं ते पेशंटसोबत राहणाऱ्या माणसालाही समोर बसवून सांगा. सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्याआधी, रोज तेवढ्याच कपड्यांत वजन. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर फोन. समजूतदार पेशंटला त्या दिवशी डाययुरेटिकचा किती जास्त डोस घ्यायचा हे आधीच लिहून देता येतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत पुरे. त्याहून फार कडक पथ्यानं २०२२ च्या सोडियम-एचएफ चाचणीत मृत्यू किंवा दाखल होणं घटलं नाही, आणि वयस्क माणसाचं जेवणच तुटतं. पाण्याचंही तसंच. २०२५ च्या फ्रेश-अप चाचणीत स्थिर पेशंटना दीड लिटरची मर्यादा घातल्यानं तब्येतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, तहान मात्र वाढली. सोडियम घसरलेला किंवा पुन्हा पुन्हा भरून येणारा पेशंट सोडला तर प्रत्येकाचा तांब्या मोजायची गरज नाही. चालणं रोज, बोलता येईल इतक्या वेगानं. फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस द्या.

१०. बरं वाटू लागल्यावर, आणि बरं वाटेनासं झाल्यावर

इजेक्शन फ्रॅक्शन ३० वरून ५५ झालं की पेशंट विचारतो, ‘आता गोळ्या बंद करू?’ ट्रेड-एचएफ चाचणीत बऱ्या झालेल्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या पेशंटची औषधं टप्प्याटप्प्यानं थांबवली. सहा महिन्यांत ४४ टक्क्यांना आजार उलटला, औषधं चालू ठेवलेल्यांत त्या काळात एकालाही नाही. हे आकडे पेशंटला तसेच सांगा. पाणी नसेल तर डाययुरेटिक कमी किंवा बंद करता येतं, आणि एक गोळी सुटल्याचा आनंदही त्याला मिळतो.

उलट बाजूही ओळखावी लागते. वर्षात दोनदा दाखल व्हावं लागलं, डाययुरेटिकचा डोस चढतच चाललाय, बीपी सतत ९० च्या खाली, पूर्वी सोसणारा बीटा ब्लॉकर आता सोसत नाही, किडनी खालावतेय, आयसीडीचे झटके बसताहेत. यातलं एक जरी दिसलं तरी एलव्हीएडी (डाव्या कप्प्याला मदत करणारा बसवलेला पंप) आणि हृदय प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राकडे पाठवा, आणि किडनी-लिव्हर अजून झेपण्याजोगी आहेत तोवर पाठवा. तो मार्ग ज्यांच्यासाठी नाही, त्यांच्याशी बोलणं टाळू नका. दम आणि घुसमट कमी करायला मॉर्फिनचा लहान डोस कामी येतो, पाणी काढणं शेवटपर्यंत चालू ठेवता येतं. आणि आयसीडी असेल तर शेवटच्या दिवसांत त्याचे झटके बंद ठेवायचे का, हे पेशंट स्वतः बोलू शकतोय तोवर त्यालाच विचारा, शेजारी खुर्ची ओढून, दार लावून, फोन बाजूला ठेवून.